तुम्ही विचारलंत म्हणून: चौघींच्या घरात प्रबंध लिहून झाला कसा?

पीएचडीसाठी पुण्यात येणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया मला हमखास एकच प्रश्न विचारतात. चौघींच्या भाड्याच्या घरात राहून तुझा प्रबंध लिहून झाला कसा? हिच्यासाठी स्वतंत्र खोली बघायची का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: परवडत असली, तरी निदान लिहायच्या वर्षात एकटीने राहू नका.

आमचं घर नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, चार कॉट. मी इतिहासाची, एक संख्याशास्त्राची, एक वनस्पतिशास्त्राची आणि सगळ्यांत धाकटी एमपीएससीवाली. गोंगाट असायचाच. धाकटी पहाटे चारला उठून घोकायला बसायची, तेव्हा मी नुकती आडवी झालेली असायचे. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव सुरू झाला, की संध्याकाळी घरात एक ओळ लिहून होत नसे. तेवढे दिवस मी विद्यापीठात, जयकर ग्रंथालयात जाऊन बसायचे. भाडं, सिलेंडर, कचरा कोणी खाली न्यायचा, हे सगळं महिन्याभरात मार्गी लागतं.

खरी काळजी वेगळीच असते. लिहून होईपर्यंत प्रबंध अक्षर न् अक्षर वाचणारं कोणी नसतं. गाइड प्रकरण वाचतात ते मांडणीसाठी. प्रत्येक आकडा पडताळायला त्यांना वेळ कुठून असणार? साम्य तपासणारं सॉफ्टवेअर उचललेला मजकूर पकडतं. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, असा यूजीसीचा २०१८ चा नियम आहे. पण आपल्याच हातून झालेली चूक त्या सॉफ्टवेअरला दिसत नाही. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात चढला, की पुढचा अभ्यासक ती चूक आपल्या भरवशावर उचलतो.

माझा विषय पेशवाईतल्या देवस्थानांचे हिशेब. कागद सगळे मोडी लिपीत. मोडीत शब्द सुटे लिहिलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचाही पत्ता नसतो. मोडी शिकवणाऱ्या सरांनी बजावलं होतं, नक्कल केली की ती दुसऱ्या कुणाबरोबर ताडून घ्यायची. एकाने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून बघायचं. मजकूर मी तसा ताडला होता. तक्ते मात्र आकड्यांचेच, त्यांत काय ताडायचं, म्हणून राहिले.

एका रात्री जेवणं आटोपल्यावर संख्याशास्त्रवाली स्वयंपाकघरात बसून माझा एक तक्ता चाळत होती. तेल ५, तूप ३, फुलं २, शिधा ७. एकूण १९.

“ताई, ही बेरीज सतराच येते गं.”

मला ते माहीत होतं. किंबहुना त्या दोन रुपयांवर मी अख्खा परिच्छेद लिहिला होता, कारभाऱ्याने खर्च फुगवला असावा म्हणून. तिला ते पटेना. “मूळ कागद दाखव,” म्हणाली. लॅपटॉपवर फोटो उघडला, मोठा केला. प्रत्येक आकड्यापुढे उभ्या रेघा होत्या. ५।। म्हणजे साडेपाच. ३। म्हणजे सव्वातीन. २।।। पावणेतीन, ७।। साडेसात. करा बेरीज: १९, पैचाही फरक नाही. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना त्या रेघा गळून गेल्या होत्या.

अडीचशे वर्षांपूर्वी त्या माणसाने चोख हिशेब लिहून ठेवला होता आणि मी त्याला लबाड ठरवायला निघाले होते. त्याच्या बाजूने बोलायला आता कोण येणार होतं? त्या रात्री मला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे तक्ते पहिल्यापासून ताडायला घेतले. चौघींनी. वनस्पतिशास्त्रवालीला दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली बघायची सवय. पुसट झालेली रेघ आणि कागदाची घडी यांतला फरक तिला माझ्याआधी कळायचा. धाकटीची पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती, तरी जेवणानंतर अर्धा तास ती वाचायला बसायचीच. आणखी तीन तक्त्यांतल्या रेघा गेलेल्या निघाल्या. तो परिच्छेद मी काढून टाकला.

तेव्हा सोबतीण बघाल, तर जमल्यास दुसऱ्या विषयाची बघा. आपल्या विषयातलीला कागदात काय असणार हे आधीच ठाऊक असतं, आणि ती तेच वाचते. माझ्या मैत्रिणीला कारभारी, देवस्थान, पेशवाई, कशाशीच देणंघेणं नव्हतं. तिला बेरीज जुळायला हवी होती.

आता तिचा प्रबंध चालू आहे. दर रविवारी रात्री ती फोन करते आणि आकडे वाचत जाते. तिच्या तक्त्यांतलं मला काही कळत नाही. मी समोरच्या प्रतीवर एकेका आकड्याखाली पेन्सिलीने टिंब देत जाते. परवा नवव्या ओळीत दशांशचिन्ह एक घर सरकलेलं सापडलं.