काय नही करे ती?

पोलिसांनी घेतलेल्या जबाबाच्या दुसऱ्या पानावर, शेवटाकडे, एक ओळ होती : "मयत ही माझी मुलगी असून ती काही काम करत नव्हती, घरीच असायची." खाली लिहिलेलं होतं, वाचून दाखवला, बरोबर आहे.

अपघातातल्या ट्रकच्या विमा कंपनीचा निम्मा बचाव या एका ओळीवर उभा होता. जबाब ज्या म्हातारीच्या नावावर होता ती माझी अशील. मयत तिची मुलगी नव्हतीच, सून होती. आणि 'काही काम करत नव्हती' हे त्या घरातल्या कुणाच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं.

२०१७ चा डिसेंबर, कापूस वेचणीचा भर. पारोळा तालुक्यातल्या चार बाया दिवसभर वेचणी करून सुरत-नागपूर महामार्गाच्या कडेने घरी चालल्या होत्या. मागून ट्रक आला. एकीचा पाय मोडला, ही जागीच गेली. वय ३२. नवरा तीन वर्षांपूर्वी वावरातली मोटार चालू करताना शॉक लागून गेलेला. घरात राहिली तीन लेकरं, अकरा, आठ आणि पाच वर्षांची, आणि मोतीबिंदूने अर्धी दृष्टी गेलेली सासू.

प्रकरण माझ्याकडे तालुका विधी सेवा समितीकडून आलं. समितीच्या वकिलांच्या पॅनलवर मी बरीच वर्षं आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे आमच्याकडे अजून फार बायांना माहीत नसतं. या आजीलाही नव्हतं. अंगणवाडीताईंनी तिला हाताला धरून समितीच्या कचेरीत आणलं म्हणून ती पोचली. २०१८ मध्ये आम्ही अमळनेरला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज दाखल केला. तेव्हा मुदतीची अडचण नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून अशा अर्जाला सहा महिन्यांची मुदत आली आहे, म्हणून आता गावात शिबिराला गेले की सगळ्यात आधी हेच सांगते.

ट्रकचालकाची चूक सिद्ध करायला फार झगडावं लागलं नाही. घटनास्थळाच्या पंचनाम्यात टायरच्या खुणा डांबर सोडून साइडपट्टीवर उतरलेल्या होत्या, आणि पाय मोडलेली बाई साक्षीला ठाम उभी राहिली. खरी लढाई होती ती गेलेल्या बाईच्या कामाची किंमत किती धरायची, याची.

माझीही एक चूक झाली होती, ती सांगायला हवी. आजीच्या सरतपासणीचं, म्हणजे आपल्या बाजूने द्यायच्या साक्षीचं, शपथपत्र मी तयार केलं त्यात लिहिलं : 'मयत ही शेतमजुरी व घरकाम करून कुटुंबाचा उदरनिर्वाह करीत होती.' एवढंच. आजीशी मी प्रमाण मराठीत बोलले होते. ती प्रत्येक प्रश्नाला "हा, हा" म्हणत गेली आणि मी टाइप करत गेले. जबाबातली ती ओळ तर मी नीट वाचलीही नव्हती. उलटतपासणीच्या आदल्या दिवशी फाइल चाळताना ती दिसली आणि पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी, २०२१ च्या नोव्हेंबरात, आजी सकाळच्या एसटीने आली. कोर्टाच्या आवारात निंबाखाली बसलो. मी तिला विचारलं, "आजी, पोलिसांना तुम्ही असं का सांगितलं?" ती गोंधळली. मग मी माझ्या आजोळची भाषा काढली. काळा कोट घातल्यापासून आवारात अहिराणी बोलायची मला सवय राहिली नव्हती, खरं तर लाज वाटायची.

"माय, पोलिसेसनी काय इचारं व्हतं तुले?"

म्हातारी एकदम सरळ बसली. "त्यासनी इचारं, मरेल बाई काय काम करे. मी म्हनं, काय नही करे ती?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. काय नही करे ती? म्हणजे, काय करत नव्हती ती! लिहिणाऱ्याने प्रश्नचिन्ह टाकून दिलं आणि 'काय'चं 'काही' केलं. मुलीचंही तसंच झालं होतं. आजी म्हणाली होती "मन्ही आंडेर". अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. सुनेसाठी सासूने हा शब्द वापरला, तो कागदावर शब्दशः उतरला आणि आता कंपनी म्हणत होती की अर्जदाराला मयताशी आपलं नातंसुद्धा धड सांगता येत नाही.

त्या निंबाखाली ती अर्धा तास बोलली. शपथपत्रात मी 'घरकाम' या एका शब्दात जे गुंडाळलं होतं ते सगळं तिने उलगडून ठेवलं. मी तिला फक्त एवढंच सांगितलं की आत जे विचारतील त्याचं उत्तर जसं मला दिलं तसंच दे, मराठी बोलायची धडपड करू नको.

दुपारी पुकारा झाला. कंपनीचे वकील ज्येष्ठ, अभ्यासू गृहस्थ. त्यांनी आवाज चढवला नाही की म्हातारीला दडपलं नाही. जबाब हातात घेऊन त्यांनी सरळ विचारलं, "मयत काही काम करत नव्हती असं तुम्ही पोलिसांना सांगितलं, हे खरं आहे का?"

आजीने पिंजऱ्याचा कठडा धरला. "काय नही करे ती?"

तोच सूर. मान तशीच एका अंगाला. न्यायाधीश मराठवाड्यातले, अहिराणीची सवय नसलेले. तरी त्या सुराचा अर्थ त्यांनाही लगेच लागला असावा, कारण त्यांनी स्टेनोला हात दाखवून थांबवलं आणि म्हणाले, "आजी, सांगा, काय काय करायच्या त्या?"

"चार वाजता उठे. पानी भरे. भाकरी करे, पोरेसले शाळामा धाडे. मले दिसत नही तं मले न्हाऊ घाले. मंग कापूस येचाले जाये. सांजले घर ये तं परत चुल्हा. रातले पोरेसना कपडा धवे. आनि कापूस सरना का मंग लोकेसना वावरमा निंदाले जाये."

बेंच क्लार्क धरणगावकडचे. जिथे अडलं तिथे त्यांनी मराठीत सांगितलं. न्यायाधीशांनी एकेक वाक्य डिक्टेट केलं : 'साक्षीदार स्वतःहून सांगते की...' वकिली करणाऱ्याला या चार शब्दांचं मोल कळेल. उलटतपासणीत साक्षीदाराने आपणहून सांगितलेलं कोर्टाने त्याच शब्दांनी टिपून घ्यावं, हे रोज घडत नाही.

मग शेवटचा प्रश्न आला. "जबाबात मुलगी, अर्जात सून. खरं काय?"

"सून व्हती. मी आंडेर म्हनू तिले."

वकीलसाहेबांनी पुढे काही विचारलं नाही.

युक्तिवाद २०२२ च्या सुरुवातीला झाला. कंपनीचं म्हणणं असं की मजुरीचा पुरावा नाही, मस्टर म्हणजे हजेरीपट नाही, बँकेचं पुस्तक नाही, म्हणून बाई न कमावणारी धरा. मोटार वाहन कायद्यात १९९४ मध्ये जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीत न कमावणाऱ्या व्यक्तीचं काल्पनिक उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरलं होतं. मी कोर्टाला भागाकार करून दाखवला : दिवसाला ४१ रुपये. कापूस वेचणाऱ्या बाईकडे मस्टर कुठून येणार? मजुरी किलोवर ठरते, संध्याकाळी वजनकाट्यावर मोजली जाते आणि शेतमालक हातावर ठेवतो. ज्याच्या वावरात ती त्या दिवशी गेली होती त्या शेतकऱ्याला मी साक्षीला आणलं होतं. कोर्टाची पायरी नको म्हणून तो दोन तारखा आला नाही. तिसऱ्या तारखेला आला, आणि किलोचा दर सांगून खाली उतरला.

घरकामासाठी मी सर्वोच्च न्यायालयाचा ५ जानेवारी २०२१ चा किर्ती प्रकरणातला निकाल वाचला. त्यात न्यायमूर्ती रमणा यांनी २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला आहे : घरच्यांसाठी बिनमोल घरकामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते, पुरुष ९७. हे आकडे वाचताना मला निंबाखालचा तो अर्धा तास ऐकू येत होता.

आणि सासू. कंपनीने तिला वारस मानायलाच हरकत घेतली होती. इथे हिशेब कसा फिरतो ते सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाप्रमाणे अवलंबून असणारे दोन-तीन असतील तर मयताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा होतो, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. म्हातारीला वगळलं की राहतात तीन. म्हातारी धरली की चार. १४ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एन. जयश्री प्रकरणात जावयाच्या घरी राहून त्याच्यावर अवलंबून असलेल्या सासूला भरपाई मागण्याचा हक्क आहे असं म्हटलं होतं. जावयाच्या सासूला आहे, तर सुनेच्या सासूला का नसावा? मी एवढंच विचारून खाली बसले.

निकाल जूनमध्ये लागला. मजुरी आणि घरकाम मिळून महिन्याला ९,००० रुपये उत्पन्न धरलं. सर्वोच्च न्यायालयाच्याच प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवले, १२,६०० झाले. म्हातारी धरून अवलंबून असणारे चार मानले, म्हणून चतुर्थांश वजा जाऊन ९,४५०. वर्षाचे १,१३,४००. वयाच्या हिशेबाने जितक्या वर्षांनी गुणायचं तो गुणक १६. अठरा लाख चौदा हजार चारशे. त्यात तीन लेकरांना आई गमावल्याबद्दल प्रत्येकी ४४,००० आणि वारसा व अंत्यविधीचे ३३,०००. एकूण १९,७९,४०० आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज. सासूला वगळलं असतं तर यातले दोन लाख एक हजार सहाशे कमी झाले असते. कंपनीने अपील केलं नाही, रक्कम कोर्टात भरली. लेकरांचे हिस्से सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेले.

याहून मोठ्या रकमेचे दावे मी लढले आहेत. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यात याच्या कितीतरी पट आकडे असतात. पण निकाल ऐकताना हात थरथरले ते याच दिवशी.

निकालाची नक्कल मिळाली तेव्हा आजी थोरल्या नातवाला घेऊन आली. मी तिला निकाल अहिराणीत सांगितला. न्यायाधीशांनी उत्पन्नाच्या परिच्छेदात लिहिलं होतं की जबाबातली ओळ साक्षीदाराच्या बोलीचा अर्थ न समजता लिहिलेली दिसते, सबब ती विश्वासार्ह नाही. आजीने ते दोनदा ऐकलं.

"मंग ते पहिलं खोडी टाकतीन का?"

"नही माय. कागद तसाच राही. रेकॉर्डमातलं खोडता येत नही."

ती जरा वेळ गप्प बसली. नातवाने पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली. मग तिने माझ्या टेबलावरच्या फाइलीवर हात ठेवला, चाचपडत.

"मंग हाई त्यानावर ठेव."

मी दोरी सोडली, नक्कल सगळ्यात वर लावली आणि फाइल परत बांधली. साडेचारच्या पारोळा गाडीला ते दोघं निघाले.