विमा कंपनीविरुद्ध फेडरल कोर्टात : माझा अनुभव

फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात, 15 तारखेच्या पहाटे टेक्सासच्या ग्रिड चालकाने वीजकपातीचा आदेश दिला आणि लाखो घरे-दुकाने अंधारात गेली. डॅलसजवळच्या आमच्या मसाल्याच्या गोदामात छतातला पाण्याचा पाइप गोठून फुटला. हळद-धण्याची पोती, खोकी आणि पॅकिंगचे यंत्र भिजून गेले. विमा कंपनीने दावा नाकारताना पॉलिसीतल्या एका अटीवर बोट ठेवले. गोठलेल्या पाइपमुळे झालेली हानी भरून मिळायची, तर इमारत उबदार ठेवण्याचा विमाधारकाने पुरेपूर प्रयत्न केलेला असावा, नाहीतर पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले असावेत. हीटर बंद होता, एवढेच त्यांच्या पत्रात होते. तो का बंद पडला, याविषयी एक अक्षरही नव्हते. याचा मला आजही राग येतो.

आमच्या वकीलबाईंनी राज्याच्या कायद्याप्रमाणे 61 दिवस आधी नोटीस देऊन काउंटीतल्या राज्य न्यायालयात दावा लावला. कंपनी परराज्यातली आणि मागणी 75,000 डॉलरांच्या वर असल्याने तिने 30 दिवसांच्या मुदतीत खटला फेडरल कोर्टात नेला; त्याला आमच्या संमतीची गरज नव्हती. आमची फर्म एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) आहे आणि अशा फर्मचे नागरिकत्व, म्हणजे ती कोणत्या राज्याची मानायची हे, भागीदारांवरून ठरते, म्हणून माझ्या आणि मेव्हण्यांच्या नागरिकत्वाची माहितीही द्यावी लागली. पॉलिसीचा अर्थ लावताना कायदा मात्र टेक्सासचाच लागू राहिला.

न्यायाधीशांनी सुरुवातीलाच वेळापत्रक ठरवून दिले. तज्ज्ञांची नावे, कागदपत्रांची देवघेव, जबान्या या सगळ्यांच्या तारखा पक्क्या झाल्या आणि त्या सहजासहजी पुढे ढकलता येत नाहीत. कंपनीच्या वकिलांनी माझ्या जबानीत त्या रात्रीविषयी पुन्हा पुन्हा तेच विचारले : हीटर किती अंशांवर होता, शेवटचे कोण बाहेर पडले, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे. आमच्या बाजूने बोलली ती थर्मोस्टॅटची नोंद. वीज जाईपर्यंत तापमान स्थिर आणि त्यानंतर ते तासातासाने उतरत गेलेले त्या कागदावर स्पष्ट दिसत होते, आणि वीज कंपनीच्या नोंदीतली खंडाची वेळ त्याच्याशी तंतोतंत जुळत होती. आमच्या तज्ज्ञाचा अहवाल याच दोन कागदांवर उभा राहिला.

पूर्ण खटला न चालवताच निकाल मागणाऱ्या अर्जाची सुनावणी होण्याआधीच मध्यस्थासमोर तडजोड झाली. मालाची जवळजवळ पूर्ण रक्कम मिळाली, यंत्राची घसारा वजा करून. इमारतीवर कर्ज असल्याने दुरुस्तीचा चेक फर्म आणि बँक अशा दोन्ही नावांनी आला. बँकेची सही झाल्यावरच ठेकेदाराचे पैसे चुकते करता आले.