न उचललेला हात

बारा वर्षं मी संचालक मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं लिहिली. त्यामुळे कॉर्पोरेट मालिका बघताना काचेचे टॉवर आणि हेलिकॉप्टरं मला फारशी दिसत नाहीत. माझी नजर टेबलावरच्या हातांवर असते.

एका माध्यम कंपनीच्या मालक कुटुंबातल्या सत्तासंघर्षावरच्या ‘सक्सेशन’ या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या सीझनचा सहावा भाग (२०१८) मी चारदा पाहिलाय. कंपनीचे प्रमुख असलेल्या वडिलांविरुद्ध, लोगनविरुद्ध, अविश्वास ठराव आणणारा मुलगा केंडल नेमका त्याच वेळी ट्रॅफिकमध्ये अडकतो आणि रस्त्यावरून धावत धावत फोनवरून ठराव मांडतो. लोगनला बाहेर जायला सांगतात, पण तो हलत नाही. तिथेच सगळं फिरतं. ज्याच्याविरुद्ध मत द्यायचं तोच समोर बसून एकेकाच्या डोळ्यांत बघत असेल, तर हात वर करणं फार जड जातं. साथ देणार असलेला धाकटा भाऊ रोमनही कच खातो. आणि केंडलला यातलं काहीच दिसत नाही, तो फोनवर आहे!

असा एक ठराव मी प्रत्यक्ष पाहिलाय. मांडणाऱ्या साहेबांना आदल्या संध्याकाळी माझ्या टेबलाशेजारीच तिघांनी शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी विचारलं, “अनुमोदन?” एक जण चष्मा पुसत राहिला, दुसरा फाइल चाळत राहिला, तिसऱ्याने पाण्याचा ग्लास उचलला. साहेबांनी आपले कागद नीट जुळवले आणि खाली बसले. मी लिहिलं, ‘अनुमोदनाअभावी ठराव मतास टाकला नाही.’ खोटं त्यात काहीच नव्हतं. तरी ते वाक्य मला अजून टोचतं, कारण तो चष्मा, ती फाइल, तो ग्लास, यातलं काहीच त्यात आलं नाही. पुढच्या बैठकीच्या उपस्थितांत साहेबांचं नाव नव्हतं.

म्हणून मालिकेचा २०२३चा शेवटचा भाग बघताना माझा श्वास अडकला. कंपनी विकायची की नाही यावर मतं सहा-सहा, विक्री फसली तर केंडल प्रमुख होणार, आणि शेवटचं मत जिच्या हातात आहे ती बहीण शिव उठून बाहेर जाते. काचेच्या खोलीत तिघं भावंडं एकमेकांच्या अंगावर धावून जातात, मंडळ बाहेरून बघत राहतं. अनेकांनी शिवला कृतघ्न म्हटलं. मला तसं वाटत नाही. भावाला वडिलांच्या खुर्चीत बसलेलं बघणं तिला सहन होणार नव्हतं, आणि ते तिला अगदी शेवटच्या क्षणी कळलं. इतिवृत्तात मात्र एवढंच आलं असतं: विक्रीच्या बाजूने ७, विरोधात ६.