तिसऱ्या वर्षाला न पोचलेली मुलं

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात उत्तीर्णांची टक्केवारी मागतात ती अंतिम वर्षाची. आमच्या कॉलेजची दरवर्षी छान दिसायची. पण बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला बाकं पुरत नाहीत आणि तिसऱ्याला निम्मा वर्ग रिकामा, हे काय गौडबंगाल? मधेच सोडून गेलेला विद्यार्थी त्या टक्केवारीत येतच नाही. एआयएसएचईच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या, फॉर्ममध्येही त्या त्या वर्षीची डोकी मोजायची. मागच्या वर्षीचं कुठलं डोकं गायब आहे, ते तिथून कळत नाही.

मी आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम बघतो. प्राचार्यांना विचारून एका बॅचचा प्रवेशापासून सहाव्या सत्रापर्यंत माग काढायला घेतला.

वेळ खाल्ला तो याद्या जुळवण्यानं. प्रवेश ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये, निकाल विद्यापीठाच्या पीडीएफमध्ये, हजेरी कॅटलॉगमध्ये पेनानं. रोल नंबर दरवर्षी बदलतो. नावावरून जुळवावं तर एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, आणि लग्न झालेल्या मुलींचं नावच वेगळं. शेवटी पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा न बदलणारा नोंदणी क्रमांक, धरला. कॅटलॉगमध्ये तो नसतो, म्हणून हेडक्लार्कांनी शेजारी बसून एकेक सांगितला. (“सर, एवढ्यात स्कॉलरशिपचे किती फॉर्म पुढं गेले असते,” हेही ऐकवलं.) त्यापुढचं पिव्होट टेबल, म्हणजे संगणकावर आकड्यांचा गोषवारा काढणं, किरकोळ काम.

स्टाफरूमचा अंदाज होता की एटीकेटी लागलेली, म्हणजे काही विषय राहूनही पुढं गेलेली, मुलं सोडतात. आकडे तसं म्हणेनात. नापासांपैकी बरेच टिकलेले. गेलेल्यांत पहिलं सत्र चांगलं पास झालेलेही पुष्कळ. त्यांची हजेरी मात्र दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदम तुटलेली. गावाचा रकाना जोडला आणि उलगडा झाला. आम्ही बीड जिल्ह्यातले. त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात.

“हे मी कधीचा सांगतोय,” एक ज्येष्ठ सर म्हणाले. खरंच सांगत होते, पण नावांची यादी कुणाकडेच नव्हती. आमच्या कागदावर ही मुलं ‘अनियमित’ होती. कारखाने बंद होऊन परत येईपर्यंत दुसऱ्या सत्राच्या इंटर्नल आणि प्रॅक्टिकल उरकलेल्या असायच्या.

यादी हाती आल्यावर वसतिगृहात आणि ‘कमवा व शिका’त या मुलांना आधी घेतलं. काही थांबली. बाकीच्यांच्या घरी मुकादमाची (टोळीच्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली, तीही पोराचा कोयता धरून, म्हणजे तोही तोडीला येणार असं गृहीत धरून. म्हणून यंदा हजेरीची वाट न बघता, प्रवेश संपताच गावाच्या रकान्यावरून यादी काढणार आहे. त्यात ऊसतोडीशी संबंध नसलेलीही नावं येतील. तेवढे फोन करू.