आल्समेरच्या एका सकाळीसाठी

आम्ही बत्तीस जण. बहुतेक तळेगाव-वडगाव पट्ट्यातले, पॉलीहाऊसमध्ये गुलाबाचं पीक घेणारे. व्हॅलेंटाइनचा हंगाम उरकल्यावरच त्यांना उसंत मिळते, म्हणून नेदरलँड्सचा दौरा एप्रिलमध्ये धरला. २७ एप्रिलच्या आसपासचे दिवस मात्र सोडले. त्या दिवशी तिथे राजाचा वाढदिवस असतो आणि हॉटेलं आधीच भरलेली असतात.

सगळ्यांना अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आल्समेरचा फुलांचा लिलाव बघायचा होता. त्यामुळे त्या एका सकाळीपासून मागे मागे येत मी बाकीचे दिवस बसवले.

सर्वात जास्त वेळ खाल्ला कागदपत्रांनी. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे अनेकांकडे विवरणपत्रंच नव्हती. मग सातबारा, आठ-अ, त्यांचं इंग्रजी भाषांतर, बँकेचे उतारे, आडत्याच्या पट्ट्या, असं एकेकाचं बाड तयार केलं. नेदरलँड्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा आरोग्य विमा लागतो, तो एकत्रच काढला. बोटांचे ठसे द्यायला गेलो तर दोघांचे ठसे यंत्र घेईना. वर्षानुवर्षं काटे सोलून बोटं गुळगुळीत झालेली. तिथल्या मुलीने हात पुसायला लावून चार-चार वेळा ठसे घेतले, तेव्हा कुठे जमलं. शेतकऱ्यांचा गट नेणार असाल तर व्हिसासाठी तीन महिने हाताशी ठेवा.

मुक्काम अ‍ॅमस्टरडॅममध्ये न करता जवळच्या हूफडॉर्प गावात केला. २०२४ पासून साडेसात टनांवरच्या बसला शहराच्या मध्यभागी जाता येत नाही, आणि तिथे खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के पर्यटन कर लागतो. शिवाय हूफडॉर्पहून आल्समेर जवळ.

खरी कसरत बसचालकाच्या वेळेची. तिकडे साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावंच लागतं, आणि दोन दिवसांच्या मध्ये साधारण अकरा तासांची विश्रांती. लिलावाच्या दिवशी चालक पहाटे साडेपाचला डेपोतून निघणार, म्हणजे आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहापर्यंत गाडी डेपोत परत जायला हवी. संध्याकाळी अ‍ॅमस्टरडॅम फिरायचं म्हणून काही जण हटून बसले होते. मी नाही म्हटलं. तो नियम रस्त्यावरच्या सगळ्यांच्या जिवासाठी आहे, त्यात ओढाताण करायची नाही.

आल्समेरला सातला पोचलो. गटाला आधीच सांगून ठेवलं होतं की लिलावाच्या दालनात गर्दी दिसणार नाही, खरेदीदार आता बहुतेक आपापल्या स्क्रीनवरून बोली लावतात. बघायचं ते खाली. उंचावरच्या लांबलचक पुलावरून चालताना खाली फुलांच्या ट्रॉल्यांच्या आगगाड्या एकमेकींना न धडकता वळणं घेत होत्या. पंधरा मिनिटं कोणी बोललं नाही.

मग लिलावाचं घड्याळ, म्हणजे भाव दाखवणारी तबकडी. आपल्याकडे बोली चढत जाते, इथे भाव वरून खाली येतो आणि जो पहिला बटण दाबतो त्याचा माल. थांबलं तर स्वस्त मिळेल, पण तोवर दुसरा घेऊन जाईल. एका काकांनी हे बघून शेजाऱ्याचा हात घट्ट धरला, जणू त्यांचाच माल लागला होता. केनिया आणि इथिओपियाहून इतका गुलाब येतो हे आमच्यातल्या पुष्कळांनी पहिल्यांदाच समजून घेतलं. दांडीची लांबी आणि फुलण्याची अवस्था यांवरून प्रत काय ठरते, यावर तिथेच चर्चा रंगली.

दुपारी एका हरितगृहाची भेट. २०१५ मध्ये तिकडच्या गुलाबांवर राल्स्टोनिया हा जिवाणू आला होता, त्यामुळे गुलाबवाले पाहुण्यांबाबत काटेकोर. यजमानांनी आठ-आठच्या तुकड्या करायला लावल्या, अंगरखे दिले, बुटांवर आवरणं चढवली. घरच्या पॉलीहाऊसमध्ये घातलेले कपडे आणू नका, असं मी निघण्यापूर्वीच बजावलं होतं. यजमानांनी तो प्रश्न विचारलाच.

परतीच्या वाटेवर, आपल्याकडे संध्याकाळ झालेली असताना, त्याच काकांनी मुलाला फोन लावला. खुशाली नंतर. आधी विचारलं, “आज गड्डीला काय लागला?”