पाणी साचून पीक पिवळं पडलंय? युरियाची गोणी जरा थांबवा

ऑगस्ट लागला की आमच्या शेतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच ते फोटो यायला लागतात, पिवळं पडलेलं सोयाबीन, माना टाकलेली कपाशी, आणि खाली प्रश्न, "दादा कोणतं खत टाकू?" लगेच धडाधड उत्तरं येतात आणि त्यातली निम्मी तरी युरियाची असतात. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण आधीच पिकाचं नुकसान झालेलं असतं आणि वरून गोणीचे पैसे पण पाण्यात जातात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मुळांना पण श्वास लागतो, गोष्ट इथून सुरू होते. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात त्यातून हवा खेळते आणि मुळं त्यातला ऑक्सिजन घेतात. झड लागली की त्या पोकळ्या पाण्यानं भरतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण १०,००० पट हळू सरकतो, म्हणजे वरून येणारा पुरवठा जवळजवळ बंदच झाला म्हणा. जो काही उरलेला असतो तो मुळं आणि जमिनीतले जिवाणू मिळून एक-दोन दिवसात संपवतात. आपल्या मराठवाड्यातली भारी काळी जमीन तर यात जास्तच त्रास देते, तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात पडलेल्या भेगा मिटतात आणि पाण्याला खाली जायला वाटच राहत नाही. वरचं पाणी ओसरलं की लोकांना वाटतं झालं, निचरा झाला, पण खुरपं घालून बघा, चार बोटं खाली माती अजून लोण्यासारखी लागते. मूळ तिथंच असतं ना.

आता अन्नद्रव्यांचं. झाड नत्र, पालाश वगैरे मातीतून ओढतं ते फुकटात होत नाही, मुळाच्या पेशींना त्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते. ऑक्सिजन असला तर साखरेच्या एका रेणूपासून पेशीला ऊर्जेची ३० च्या आसपास एककं मिळतात, ऑक्सिजन नसला तर फक्त २. विहीर काठोकाठ भरलीय पण लाईटच नाही, मग मोटर चालणार कशी, अगदी तीच अवस्था मुळाची होते. खत मातीत पडून आहे आणि झाड उपाशी. अशा वेळी आणखी खत टाकून काय उपयोग?

बरं एवढ्यावर थांबत नाही. ऑक्सिजन संपला तरी जमिनीतले काही जिवाणू मरत नाहीत, ते ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट, म्हणजे मातीतला नत्र ज्या रूपात असतो ते, वापरायला लागतात आणि त्याचा वायू होऊन नत्र हवेत उडून जातो. काही नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जातं ते वेगळंच. त्यानंतर मँगनीज, लोह, मग गंधक असा क्रम लागतो, आणि फार दिवस पाणी राहिलेल्या खोलगट जागेतली माती उकरली की सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याच गंधकाचा. तो वास आला की समजायचं तिथली मुळं फार दिवस गुदमरलीत.

झाडावर हे कसं दिसतं ते ओळखायला शिकलं पाहिजे. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर ती नत्राची कमतरता, कारण झाड जुन्या पानातला नत्र काढून नव्या शेंड्याला देतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर ती लोहाची. चुनखडीच्या जमिनीत हे हमखास होतं, पाणी भरल्यावर मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साईड बाहेर पडत नाही, बायकार्बोनेट वाढतं, आणि मग लोह मातीत असून झाडाला वापरता येत नाही. युरियात नुसता नत्र असतो, मग यात युरिया टाकून पानं हिरवी कशी होतील?

सोयाबीन असेल तर माझं एक सांगणं आहे, दुकानात जायच्या आधी एक झाड काढून बघा. हातानं उपटू नका, मुळं तुटतात, खुरप्यानं ढेकळासकट काढा आणि बादलीत हलकेच धुवा. चांगलं मूळ पांढरट असतं, गुदमरलेलं तपकिरी होतं आणि दोन बोटात धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते, आत नुसता दोरा राहतो. मग मुळावरच्या गाठी बघा. एखादी गाठ नखानं फोडा, आत गुलाबी-लालसर निघाली तर ती हवेतला नत्र धरण्याचं काम करतेय, हिरवट किंवा राखाडी निघाली तर काम बंद पडलंय. या गाठींना स्वतःला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे पाणी साचलं की सोयाबीनचं दुहेरी नुकसान होतं, मातीतला नत्र उडाला आणि घरचा कारखाना पण बंद. पण पाणी लवकर काढलं आणि माती मोकळी झाली तर नवीन मुळ्या, नवीन गाठी येतात, मी हे बघितलंय. फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना पाणी साचलं तर मात्र सावरायला वेळच उरत नाही.

कपाशीचं अजून वेगळं. पावसाची मोठी उघडीप, जमीन तापलेली, आणि अचानक जोराचा पाऊस किंवा भरपूर पाणी दिलं, की दुसऱ्या दिवशी चांगली डोलणारी झाडं माना टाकतात. याला आकस्मिक मर म्हणतात. पाण्यात उभं राहून झाड सुकतं हे बघून माणूस चक्रावतो, पण ऑक्सिजन नसला की मुळाच्या पेशी आंबट होतात आणि पाणी आत घ्यायच्या त्यांच्या वाटा बंद होतात, शिवाय इथिलीन, म्हणजे झाडातच तयार होणारा एक वायू, वाढतं आणि पानं, पात्या (कळ्या), फुलं गळायला लागतात. हा बुरशीचा रोग नाही. दिसल्या दिसल्या, म्हणजे एक-दोन दिवसाच्या आत, कोबाल्ट क्लोराईड १० पीपीएम म्हणजे १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम फवारायची शिफारस आहे, ते इथिलीन बनणं रोखतं. आठवड्यानं फवारून काही होत नाही.

कोणी म्हणेल भात कसा पाण्यात उभा राहतो मग? भाताच्या मुळात आणि खोडात हवेच्या लांब पोकळ्या असतात, पानातून घेतलेली हवा त्यातून खाली मुळापर्यंत जाते. तुरीला, हरभऱ्याला, कपाशीला ही सोय नाही. तुरीला तर पाणी अजिबातच सोसत नाही, वर मूळकूज आणि करपा मागं लागतो.

मग करायचं काय. पहिलं काम पाणी बाहेर काढणं, बाकी सगळं नंतर. उताराच्या बाजूनं चर काढा, बांध फोडावा लागला तर फोडा. वाफसा, म्हणजे जास्तीचं पाणी निघून माती कामाजोगी मोकळी होणं, तो यायच्या आत शेतात ट्रॅक्टर काय बैल पण घालू नका, ओल्या काळ्या जमिनीवर चाक फिरलं की ती दबते आणि पुढच्या पावसाला आणखी जास्त तुंबते. तोपर्यंत पिकाला जगवायचं तर पानातून द्या, २ टक्के युरिया म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, किंवा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) १ टक्का म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम. मूळ बंद असलं तरी पान थोडंफार घेतं. लोहाची लक्षणं असतील तर चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची फवारणी. वाफसा आला की कोळपणी करा, वरचा थर फुटून हवा आत गेली पाहिजे, आणि कपाशीला नत्राचा राहिलेला हप्ता तेव्हा द्या, थोडा थोडा करून.

आणि पेरणीच्या वेळी बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी. काळ्या जमिनीसाठी ही पद्धत हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेनं १९७० च्या दशकात बसवली. मूळ वरंब्यावर, जास्तीचं पाणी सरीतून बाहेर. पाऊस ताणला तर त्याच सरीत ओल धरून राहते, त्यामुळे दोन्हीकडून फायदा आहे.

पण मला सगळ्यात जास्त छळतं ते वेगळंच. मी चर काढीन हो, पण पाणी सोडू कुठं? खालच्या शेजाऱ्यानं नाला नांगरून त्यावर पीक घेतलंय, आणि आमच्या शिवारातला नवा रस्ता उंच भराव टाकून केला पण त्याला पाणी जायला नळी एकच, ती पण वरच्या बाजूला. पाऊस झाला की रस्त्याच्या अलीकडं आठ-आठ दिवस तळं. २०२५ च्या सप्टेंबरात पुरानं सीना नदीकाठी जमिनी खरडून गेल्या, ते नुकसान फार मोठं आणि वेगळं, पण दरवर्षी गुपचूप असं तुंबून जी चार-चार पोती कमी पिकतात त्याचा पंचनामा कुणी करत नाही. सध्या आम्ही वरचे-खालचे सगळे बांधकरी बसून ठरवतोय, मृगाच्या आधी जेसीबी लावून नाला मूळ वाटेनं मोकळा करायचा, खर्च एकरावर वाटून. खालच्या शेजाऱ्यानं तयारी दाखवलीय, त्याच्या शेतातून चर गेला तर तेवढ्या जागेचा मोबदला कसा द्यायचा एवढं अजून ठरायचंय. तुमच्या गावात असं कुणी केलं असेल तर हिशोब कसा लावला ते खाली नक्की लिहा.