चांदणी लागलेल्या नोंदी

एका पतसंस्थेचा जुना डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचा होता. मूळ प्रोग्रामरचा पत्ता नाही, कागदपत्रं शून्य, फाइलीचं एक्सटेन्शन त्यानं मनाला येईल ते दिलेलं. लिनक्सच्या 'फाइल' कमांडनंही नुसतं 'डेटा' म्हणून हात वर केले.

हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतला एकेक बाइट षोडशमान अंकांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ती उघडली. पहिला बाइट भलताच, पण पुढचे तीन ६१, ०३, १एफ. दशमानात ९७, ३, ३१. म्हणजे ३१ मार्च १९९७, वर्षअखेर! डीबेस या जुन्या डेटाबेस प्रोग्रामच्या फाइलीत नेमकी याच जागी शेवटच्या बदलाची तारीख असते. खाली दर ३२ बाइटांवर एकेका रकान्याचं नाव, शेवटी यादी संपल्याची खूण, ०डी. प्रोग्रामर महाशयांनी फक्त पहिला बाइट, डीबेसची ओळख सांगणारा ०३, बदलून ठेवला होता, दुसऱ्या कुणाला फाइल उघडता येऊ नये म्हणून. डेटा सभासदांचा आणि कुलूप याचं! या प्रकाराची मला अजूनही चीड येते. प्रत काढून तिच्यात ०३ घातला. हेडरची (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीची) लांबी, अधिक नोंदीची लांबी गुणिले नोंदींची संख्या, अधिक फाइल संपल्याची खूण असलेला शेवटचा १ए: फाइलीचा आकार बाइटाला बाइट जुळला.

रकमा सरळ वाचता येत होत्या, नावं मात्र अगम्य. अशा वेळी मी पाटील शोधते. आमच्या भागात सभासद यादी आहे आणि पाटील नाहीत, असं होत नाही. सी८ डीए बीडी डीसी डी१ जागोजागी सापडलं. म्हणजे इस्की, भारतीय लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणारी जुनी पद्धत, संगणकावर मराठी उमटवणाऱ्या जिस्ट कार्डाच्या जमान्यातली; त्यात 'पाटील' असंच लिहिलं जातं. शिंद्यांची ऱ्हस्व वेलांटीही 'श'च्या नंतर होती. जुन्या फॉन्टांच्या कोडमध्ये ती आधी येते. शंका मिटली.

खरी गोम प्रत्येक नोंदीच्या पहिल्या बाइटात निघाली. तिथे २० असेल तर नोंद चालू, २ए म्हणजे चांदणी असेल तर खोडलेली. डीबेसमध्ये खोडलेली नोंद 'पॅक' (कायमची साफ) करेपर्यंत फाइलीतच राहते, फक्त पडद्यावरून लपवता येते. आमच्या नव्या मुलांची तयार लायब्ररी (अशा फाइली वाचणारा आयता कोड) अशा नोंदी गुपचूप गाळते आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

चांदणीवाल्या नोंदी वगळल्या तरच बेरीज छापील ताळेबंदाशी जुळत होती. पण त्यातल्या काहींपुढे शिल्लक होती, आणि ते खातेक्रमांक चालू नोंदींत कुठेच नव्हते. दुबार नोंद म्हणून खोडल्या असतील, दुसऱ्या शाखेकडे वर्ग झाल्या असतील. नसतीलही.

व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, बेरीज जुळली ना? मग पडद्यावर दिसत होतं तेवढंच द्या."

दिलं. शिवाय चांदणीवाल्या नोंदींची वेगळी फाइल केली, पत्रात तिचा स्पष्ट उल्लेख केला आणि पोच घेतली. ठेवीदाराचा वारस उद्या पावती घेऊन आला, तर निदान शोधायला जागा हवी. त्या नोंदींबद्दल संस्थेतून आजवर एकही प्रश्न आलेला नाही. बिलातून मात्र त्या फाइलीचे पैसे कापून आले. शेरा होता, 'मागणी केली नव्हती.'